आबांच्या शिट्टीची गाठ

खेळाच्या सरांच्या गळ्यात शिट्टी असते. ती ज्या दोरीला असते त्या दोरीकडे कुणी बघत नाही. बघूही नये, दोरीकडे बघत बसलं तर मॅच कोण बघणार? पण कधी चामड्याची विणलेली दोरी हातात आली तर छातीपाशी नीट बघा. तिथं बोरापेक्षा जरा मोठी, गोल, विणीची एक गाठ असते. तिच्यात दोरीचं एक टोक पक्कं बसवलेलं असतं आणि दुसरा पदर तिच्यातून आरपार जातो. गाठ सरकवली की दोरी हवी तशी लांब-आखूड होते. ती गाठ मी करायचो. शिट्टी नाही, दोरीही नाही, फक्त गाठ. आमच्या कारखान्यात तिला 'मणी' म्हणायचे आणि मला मणीवाला.

सुरतेहून लिहायचं म्हटल्यावर संपादकांनी फोनवर हळूच विचारलं, "प्लेगच्या वेळी तुम्ही तिथंच होतात ना?" होतो. पण प्लेगवर पुष्कळांनी लिहिलंय, आणि त्यातले बरेचसे तेव्हा सुरतेत नव्हते. मण्यावर मात्र अजून कुणी काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून मी आपला मण्यावरच लिहितो.

मी मूळचा लूमवाला, म्हणजे यंत्रमागावरचा. लिंबायतमध्ये आमच्या गल्लीतलं दर दुसरं घर लूमवर होतं. नव्वदनंतर आमच्या शेठने जुने लूम भंगारात काढले, नवे आणले, आणि नव्यांना माणसं कमी लागत होती. कमी केलेल्यांत मी होतो. त्यात डाव्या कानाने मला कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे शेठ काय म्हणाले ते मला निम्मंच कळलं. निम्मं पुरेसं होतं.

उधन्याच्या बाजूला करसनभाईंचा छोटा कारखाना होता. करसनभाई मोची, गुजराती, पन्नाशीचे, सदा तोंडात सुपारी. शाळा, बँडवाले, सिक्युरिटीवाले यांना लागणाऱ्या दोऱ्या आणि पट्टे ते बनवायचे. चौपदरी वेणी घालणारे दोन कारागीर त्यांच्याकडे होते. मणी करणारा म्हातारा कारागीर गावी निघून गेला होता. मी लूमवर तुटलेले धागे जोडण्यात हुशार होतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला पाटावर बसवलं.

काम सांगतो. सुती दोऱ्याला आपण दोन गाठी मारतो, निरगाठ आणि सुरगाठ. एक सुटत नाही, दुसरी ओढली की सुटते. मणी या दोन्हींत बसत नाही. तो सुटायचा नाही, पण सरकायचा. आणि सरकायचा तोही आपण म्हणू तेव्हाच. चामड्याची बारीक वादी पाण्यात भिजवायची, लाकडी खुंटीभोवती एकीखालून एक अशी फिरवून सैल जाळी विणायची, मग ती दोरीवर चढवून आरीच्या टोकाने एकेक पेड ओढत घट्ट करत आणायची. इथपर्यंत कुणालाही जमतं. पुढची खरी मेख अशी की ओलं चामडं वाळताना आखडतं. ओला असताना मणी बरोबर बसला तर वाळल्यावर तो जन्मात हलणार नाही. ओला असताना तो थोडा सैलच सोडावा लागतो. थोडा म्हणजे किती, ते बोटांना कळतं, तोंडाने सांगता येत नाही. आणि वाळेपर्यंत तो मधूनमधून वरखाली सरकवत राहायचा, नाहीतर एका जागी धरून बसतो. तयार झाला की त्याला कारखान्याचं पितळी कुलूप टांगायचं. कुलपाच्या वजनाने मणी सरकता कामा नये आणि अंगठ्याने ढकलला की मुकाट्याने चालू लागला पाहिजे. अशा परीक्षेत नापास झालेले मणी मी पहिल्या महिन्यात इतके केले की करसनभाईंनी कुलूप लपवून ठेवलं.

पुढे हात बसला. बढाई मारत नाही, पण माझ्या मण्याला लोक परत यायचे. एक खेळाचे सर मात्र तक्रार घेऊन परत यायचे. "तुमचा मणी सैल पडतो," म्हणायचे. मी मणी हातात घेऊन बघितला तर त्यावर दातांच्या खुणा. अटीतटीची मॅच असली की सर मणी चावत बसायचे. मी म्हटलं, "सर, हा खायचा नाही." ते म्हणाले, "मी कशाला खाईन?" पुढच्या वेळी मी त्यांना जरा जाड वादीचा मणी करून दिला. तो त्यांना चवीला आवडला असावा, कारण पुन्हा ते आले नाहीत.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक हिऱ्याचे दलाल. पांढरेशुभ्र कपडे, पायात कापडी बूट. हिरा बघायचं छोटं भिंग त्यांना गळ्यात अडकवायचं होतं. माझा मणी वरखाली करून बघितला, खूष झाले, आणि मग विचारलं, "आ शेनुं छे?" करसनभाई म्हणाले, "चामडानुं." दलालांनी दोरी चिमटीत धरून अलगद टेबलावर ठेवली. रागावले नाहीत, धर्म होता त्यांचा. म्हणाले, हेच मला रेशमाचं करून द्या. मी करून दिलं. रेशीम काही आखडत नाही. चार दिवसांनी दलाल चहा प्यायला वाकले आणि भिंग कपात गेलं.

करसनभाईंनी उपाय सांगितला. आत वादीचा एक वेढा घालायचा, वरून रेशमाची वीण. वेढा आखडून दोरीला धरतो, बाहेरून काही दिसत नाही. मी म्हटलं, "त्यांना चामडं चालत नाही." करसनभाई सुपारी कातरत म्हणाले, "अंदर कोण जोवानुं छे?" कुणी बघणार नव्हतं हे खरं. पण ज्याच्या गळ्यात ते पडणार त्याला न सांगता मी असलं काम करणार नाही, असं मी सांगितलं. दलालांना सगळं खरं सांगितलं, ते भिंग खिशात ठेवायला लागले आणि आमचं एक गिऱ्हाईक गेलं. करसनभाई मला दोन दिवस 'महात्मा' म्हणत होते.

माझ्या या हट्टाला घरचं कारण होतं. ते कारण म्हणजे आबा, माझे वडील.

आबांचं गाव तापीकाठचं, खानदेशातलं. गावातलं मेलेलं ढोर ओढून न्यायचं आणि सोलायचं, हे काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या लोकांच्या बोकांडी होतं. आबांच्या वयाच्या पोरांनी दीक्षेनंतर ठरवलं, आता ढोर ओढायच्या दोराला हात लावायचा नाही. गावाने कामं बंद केली, धान्य बंद केलं. माझे आजोबा घाबरून पुन्हा दोर उचलायला गेले. आबा निघाले ते सरळ सुरतेला, मिलमध्ये. तेव्हापासून त्यांनी चामडं अंगाला लागू दिलं नाही. कमरेला नाडा, पायात रबरी चपला, घड्याळाला स्टीलचा पट्टा. ढोलकीला चामडं असतं हे आबांना कुणी सांगायचं नाही, असा गल्लीत अलिखित नियम होता. आबांना ते ठाऊक होतं, पण ढोलकी त्यांना फार आवडायची.

अशा माणसाचा मुलगा चामड्याच्या कारखान्यात बसला. मी लपवलं नाही, पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं. ते भांडले नाहीत. "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना नेहमीसारखा चहा द्यायला गेलो, कप पुढे केला, तर त्यांनी हात पुढे केला नाही.

"तठे ठेव," म्हणाले.

मी कप ओट्यावर ठेवला. मी मागे सरकल्यावर त्यांनी तो उचलला. घरात आम्ही अहिराणी बोलतो. तठे म्हणजे तिथं. पुढची चार वर्षं मी आबांच्या तोंडून हे दोन शब्द जितके ऐकले तितके दुसरे कुठलेच नाही. पेपर दिला, तठे ठेव. चष्मा दिला, तठे ठेव. आजारी असताना गोळी दिली, तीही ओट्यावर ठेवावी लागली आणि तिला मुंगी लागली. माझी बायको रंजना हिच्या हातून ते सगळं घ्यायचे. माझ्याशी बोलायचे, हसायचे, निवडणुकीवर वाद घालायचे. फक्त माझ्या हातातून काही घ्यायचे नाहीत. मला फार लागायचं ते. मी साबणाने हात धुऊन जायचो, लिंबू चोळून जायचो. वादीचा वास जात नाही.

रंजना धुळ्याची, जिभेला हाड नाही. एका रविवारी मी कप ओट्यावर ठेवला तशी ती आतून बाहेर आली आणि पदर खोचून उभी राहिली.

"आबा, एक विचारू का? गावात तुम्हाले चहा कसा देत होते?"

आबांनी तिच्याकडे बघितलं.

"असाच ना? लांब ठेवत. मंग तुम्ही उचलत. तुम्ही गाव सोडीसन आले आणि ती रीत बरोबर लई आले?"

मला धरणी दुभंगावी असं झालं. आबांनी कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. दुपारी जेवायला आले नाहीत. मी तिला म्हटलं, "अगं, काय बोललीस हे?" ती म्हणाली, "खोटं बोलले का?" खोटं नव्हतं, तीच तर पंचाईत होती.

संध्याकाळी आबा परतले, खाटेवर बसले आणि कुणी न विचारता बोलले. त्यांची अहिराणी इथं जरा सोपी करून लिहितो. "ते लोक मला माणूस समजत नव्हते, म्हणून लांब ठेवत. याला मी माझा पोरगा समजतो. याच्या हाताला तो वास आला की मला माझा बाप दिसतो. मान खाली घालून पुन्हा दोर उचलायला गेलेला. मला नाही बघवत ते. मी काय करू?"

 रंजनाने भाकरी वाढली. पुढे सगळं होतं तसंच चालू राहिलं.

आता शिट्टी. चौदा एप्रिलला आमच्या भागातून जयंतीची मिरवणूक निघते, आणि तिच्या पुढे शिट्टी वाजवत चालायचा मान आबांचा होता. मान म्हणजे कामच. रिक्षा थांबवायच्या, पोरांना रांगेत आणायचं, डीजे नव्हता तरी डीजेसारखं वागणाऱ्यांना आवरायचं. मिलच्या सुटीला आबा नाही म्हणतील, पण या कामाला नाही. शिट्टी पितळी होती आणि पायजम्याच्या जुन्या नाड्याला बांधून गळ्यात अडकवलेली होती. नाडा लांब, त्यामुळे ती बेंबीपाशी लोंबायची आणि ऐन चौकात ती शोधेपर्यंत दोन रिक्षा निघून जायच्या.

'तठे ठेव'च्या चौथ्या वर्षी जयंती मंडळाचा अध्यक्ष संजय झाला. लूमवरचा माझा जुना जोडीदार, उत्साही पोरगा. तो घरी आला आणि आबांसमोरच मला म्हणाला, "दादा, या वर्षी सगळ्या स्वयंसेवकांना एकसारख्या दोऱ्या. पोलिसांसारख्या. चामड्याच्या, तुझा तो मणी लावून. एकदम कडक दिसलं पाहिजे."

आबा म्हणाले, "मग मी शिट्टी वाजवणार नाही."

संजयला वाटलं आबा गंमत करतायत. तो हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी उशीखालून शिट्टी काढली, तिचा नाडा सोडून शिट्टी संजयच्या हातात ठेवली आणि नाडा स्वतःच्या खिशात टाकला. मी आयुष्यात आबांना इतकं म्हातारं कधी बघितलं नव्हतं.

संजय घाबरला. मी म्हटलं, "थांब. दोऱ्या मी सुताच्या करतो. निळ्या." तो लगेच कबूल झाला. शिट्टी मी त्याच्याकडून मागून घेतली. मला वाटलं, प्रश्न सुटला. कारागीर माणसाचं हे असंच असतं. काम दिसलं की बाकीचं सगळं सुटल्यासारखं वाटतं.

पांडेसऱ्यातल्या एका ओळखीच्या डाइंगवाल्याकडून सूत निळं करून आणलं, पक्का रंग म्हणून. करसनभाईंची परवानगी घेऊन, वेणीवाल्या कारागिरांकडून शिकून घेत दुपारच्या सुटीत दोऱ्या विणल्या, वर निळे मणी केले. कुलूप टांगलं आणि सगळे मणी सुळकन्‌ सरकले. रेशमाचं जे झालं तेच. दोरी गळ्याला आवळायची आणि शिट्टी पुन्हा बेंबीपाशी. मेण लावून बघितलं, दुहेरी वीण घालून बघितली. नाहीच. शेवटी करसनभाईंचा उपाय उरला, आत वादीचा वेढा. बाकी स्वयंसेवकांना मी सांगून टाकलं, त्यांना काही वाटलं नाही. पोरांच्या कमरेला पट्टे होतेच. आबांच्या दोरीपाशी मी अडलो.

जयंतीच्या आदल्या दिवशी अर्धी सुटी काढून दुपारीच मी ती दोरी घेऊन घरी आलो. शिट्टी लावलेली, निळा मणी, बाहेरून कुणाला काही कळणार नाही अशी. मी ती ओट्यावर ठेवली. आबांनी उचलली. मणी सरकवला, सोडला, शिट्टी जागेवर राहिली. "धरतो की," म्हणाले. चेहरा उजळला होता. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर त्यांनी ती गळ्यात घातली असती.

मी म्हटलं, "आबा, आत वादीचा एक वेढा आहे. सुताला सूत धरत नव्हतं."

त्यांनी मणी डोळ्यांजवळ नेला. "दिसत नाही."

"दिसत नाही, पण आहे."

रंजना दाराशी येऊन उभी राहिली होती.  आबांनी मणी नखाने दाबून बघितला. मग म्हणाले, "लपाडस काब्र?"

लपवतोस कशाला, असं.

"तुम्हाला चालत नाही म्हणून."

"मी दोर टाकला तो लाजेने नाही टाकला," आबा म्हणाले. "गाव म्हणत होतं, तुम्हीच ओढा, म्हणून टाकला. लपवायला आपण काय चोरी केली? आहे तर दिसू दे. नाहीतर मी नाड्यालाच बांधतो."

मी तिथंच खाली बसलो. पिशवीत आरी होती, वादी होती. निळी वीण कापून काढली, वादी तांब्यात भिजवली आणि आबांच्या समोर चामड्याचा उघडा मणी विणला. चार वर्षांत त्यांनी माझं काम पहिल्यांदा बघितलं. मध्येच एकदा म्हणाले, "सैल राहिला." मी म्हटलं, "सैलच ठेवायचा असतो. वाळल्यावर आखडतो." त्यांनी मान डोलावली.

वाळेपर्यंत तो मणी सरकवत राहायला हवा होता आणि माझे हात दुसऱ्या दोऱ्यांत अडकलेले. मी म्हटलं, "आबा, हा गळ्यात घालून बसा आणि मधूनमधून वरखाली करत राहा." सांगितल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय सांगतोय ते. पण त्यांनी दोरी गळ्यात घातली. आधी एका बोटाने, मग चिमटीने, मग सरळ मुठीत धरून ते मणी सरकवू लागले. पांडेसऱ्याचा पक्का रंग कच्चा निघाला. ओल्या मण्याखालून निळं पाणी उतरलं, आबांची बोटं निळी झाली आणि उद्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीशी एक निळा डाग पडला. रंजना ओरडली, "नवा सदरा, आबा! आधीच काब्र घालीसन बसले?" आबा म्हणाले, "जयंती शे. निळा ते निळा."

मग त्यांनी बोटं नाकाशी नेली. वास घेतला. मी मान खाली घालून दोरी विणत होतो, पण मला सगळं दिसत होतं.

"हाच वास," ते म्हणाले. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. मग विचारलं, "हे काम तुला उद्या सोडायचं म्हटलं तर कुणी अडवील का?"

"कुणी नाही."

"मग सोडत का नाहीस?"

"मला चांगलं येतं, आबा. आवडतं."

त्यांनी मणी वर नेला, खाली आणला. "माझ्या बापाला हे कुणी विचारलंच नाही," एवढंच म्हणाले.

पुढे या धंद्याचं काय झालं ते फारसं सांगण्यासारखं नाही. प्लॅस्टिकचं बटण आलं. दाबलं की सरकतं, सोडलं की थांबतं, कुलूप टांगायची गरज नाही. करसनभाईंनी कारखाना मुलाकडे दिला, मुलाने त्याचं मोबाइलचं दुकान केलं. मी एका सोसायटीत ऑफिसचं काम धरलं. माझी मुलं गुजरातीत बोलतात आणि मण्याला 'ते जुनं काहीतरी' म्हणतात. मी कुणाला शिकवला नाही याचं वाईट वाटतं. थोडा सैल म्हणजे किती, हे माझ्या बोटांबरोबरच जाणार.

त्या संध्याकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. अंधार पडायच्या आत मणी वाळला. मी कुलूप आणलं नव्हतं, म्हणून दाराचंच काढून टांगलं. मणी हलला नाही. आबांनी अंगठा लावला, तो चालू लागला. त्यांनी तिथल्या तिथे शिट्टी वाजवून बघितली आणि समोरची रिक्षा खरंच थांबली.

रंजनाने चहा केला. माझ्या हातात दोन कप दिले. मी आबांचा कप नेहमीच्या जागी ओट्यावर ठेवला आणि सवयीने दोन पावलं मागे सरकलो.

आबांनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. निळे हात पुढे केले.

"खाले काब्र ठेवस?" म्हणाले. "हातमा दे."